एका कलमाची जन्मकथा

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाच्या रंगमंचावर एक प्रहसन झाले. लिहिणारे आणि करणारे सारे आमच्यापैकीच, म्हणजे दिवसा फायली हाताळणारे आणि रात्री तोंडाला रंग लावणारे. त्यात नारदमुनी एका सरकारी कचेरीत येतात, वैकुंठातर्फे एक तक्रार दाखल करू पाहतात, आणि ‘अर्ज योग्य मार्गाने आलेला नाही’ या शेऱ्यासह या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात. अखेर साक्षात श्रीविष्णूंनाच जन्मतारखेचा दाखला घेऊन यावे लागते. सभागृह पोट धरून हसत होते. परंतु तिसऱ्या रांगेतील एक वयोवृद्ध सभासद, ज्यांच्या वारकरी निष्ठेविषयी आम्हां सर्वांच्या मनात आदर आहे, मध्येच उठून निघून गेले. दुसऱ्या दिवशी कार्यवाहांच्या हाती त्यांचे पत्र आले. पत्रात राग नव्हता, दुःख होते. आणि म्हणूनच ते वाचून आम्ही अधिक अस्वस्थ झालो. कार्यकारिणीच्या बैठकीत एका तरुण सभासदाने घटनेतील उच्चारस्वातंत्र्याचा हवाला दिला. दुसऱ्याने लगेच ‘आणि कलम २९५ अ?’ असा प्रश्न टाकला. दोघांपैकी एकानेही ते कलम वाचलेले नव्हते. मीही वाचलेले नव्हते. पण कायद्याच्या पुस्तकांशी माझा नोकरीच्या निमित्ताने थोडाफार संबंध येतो हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे, ‘तुम्ही एक टिपणी तयार करा’ असे फर्मान माझ्या वाट्याला आले.

टिपणी एका पानाची व्हावयाची होती. ती लिहिता लिहिता मी लाहोरात जाऊन पोचलो, आणि तेथून लवकर परतणे मला शक्य झाले नाही.

लाहोर हे नाव मराठी माणसाला अगदीच परके नाही. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी आपले गांधर्व महाविद्यालय १९०१ साली तेथेच स्थापन केले. परंतु १९२० नंतरच्या दशकातील लाहोर हे संगीताचे नव्हे, तर पत्रकांचे आणि चोपड्यांचे शहर झाले होते. खिलाफत आणि असहकार यांच्या काळात हिंदु-मुसलमानांचे जे ऐक्य दिसले ते चळवळ ओसरताच विरून गेले. एका बाजूला शुद्धी आणि संघटन, दुसऱ्या बाजूला तबलीग आणि तन्झीम, आणि या दोहोंच्या मधोमध अहमदिया पंथाचे वादपटु प्रचारक, असा तो सामना होता. एकमेकांच्या पूज्य पुरुषांच्या चरित्रांतून काय काय उकरून काढता येईल याची जणू चढाओढ लागली होती. स्वस्त कागद, शिळाछापाचा छापखाना आणि दोन-चार आणे किंमत, एवढ्या भांडवलावर हा व्यापार चाले. सप्टेंबर १९२४ मध्ये वायव्य सरहद्दीवरील कोहाट येथे जो भयंकर दंगा झाला आणि ज्यात तेथील हिंदूंना गाव सोडून जावे लागले, त्याचे निमित्तही एक लहानसे पुस्तकच होते.

त्याच वर्षी लाहोरातील पुस्तकविक्रेते व प्रकाशक महाशय राजपाल यांनी उर्दूत ‘रंगीला रसूल’ नावाची एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. तिच्यावर लेखकाचे नाव नव्हते. आर्य समाजाचे विद्वान पंडित चमूपति हे तिचे कर्ते, ही गोष्ट पुढे सर्वतोमुखी झाली. पण राजपालांनी स्वतः ते नाव कधी सांगितले नाही, आणि जे जे भोगावे लागले ते एकट्याने भोगले. पुस्तिकेचा विषय पैगंबरांचा गृहस्थाश्रम. वरवर पाहता भाषा भक्ताची, स्तुतीची. आतून मात्र तो उघड उपहास. सीता आणि स्वामी दयानंद यांच्यावर जी गलिच्छ चोपडी निघाली होती त्यांना हे उत्तर आहे, असे तिचे समर्थक सांगत. उत्तर असेल, पण ज्याने पहिले चोपडे लिहिले त्याला ते लागले नाही, लागले ते लाखो निरपराध श्रद्धावंतांना. गांधीजींनी जून १९२४ मध्ये ‘यंग इंडिया’त या पुस्तिकेचा कडक शब्दांत निषेध केला आणि असले लेखन करण्यात भावना भडकविण्यावाचून दुसरा हेतु तो कोणता असू शकेल, असा प्रश्न विचारला.

पंजाब सरकारने राजपालांवर खटला भरला तो भारतीय दंडसंहितेच्या कलम १५३ अ खाली. हे कलम १८९८ साली घातलेले. राजाच्या प्रजेतील निरनिराळ्या वर्गांत शत्रुत्व किंवा द्वेष उत्पन्न करणे हा त्यातील गुन्हा. येथे एक तांत्रिक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढील सर्व अनर्थ तिच्यावर उभा आहे. मेकॉलेच्या मसुद्यावरून १८६० साली जी दंडसंहिता झाली तिच्या पंधराव्या प्रकरणात धर्मासंबंधीच्या गुन्ह्यांची कलमे आहेत. देवस्थानाची नासधूस, पूजाअर्चेत व्यत्यय, स्मशानात वा कबरस्तानात अतिक्रमण, आणि शेवटी २९८ वे कलम: दुसऱ्याच्या धार्मिक भावना दुखविण्याच्या बुद्धिपुरस्सर हेतूने त्याच्या कानी पडेल असा शब्द उच्चारणे, आवाज करणे किंवा त्याच्या दृष्टीसमोर हावभाव करणे. प्रत्येकाने आपला धर्म पाळावा, कोणी कोणाच्या धर्माचा अपमान करू नये, हे तत्त्व मेकॉलेने मनाशी धरलेले होते. पण या सगळ्यात छापील शब्द कोठेच नाही! तोंडाने बोललात तर गुन्हा, हाताने खूण केलीत तर गुन्हा. छापून हजार प्रती विकल्यात तर या प्रकरणात त्यासाठी जागा नाही. मसुदा तयार झाला १८३७ साली. तेव्हा बाजारात भांडण व्हायचे ते तोंडी, चोपड्यांनी नव्हे. कायदा करणाराची दृष्टी त्याच्या काळाच्या कुंपणापर्यंतच पोचते, याचे इतके चांगले उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

खटला रेंगाळला. आपल्या कचेऱ्यांतील विलंबाला आपण नावे ठेवतो, पण येथे १९२४ सालचे प्रकरण निकालात निघावयास १९२७ उजाडले. मॅजिस्ट्रेटने दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड ठोठावला. अपिलात सत्र न्यायाधीशाने कैदेची मुदत सहा महिन्यांवर आणली. राजपाल तेथून लाहोर उच्च न्यायालयात गेले. मधल्या काळात वातावरण निवळले नव्हते. उलट, २३ डिसेंबर १९२६ रोजी दिल्लीत स्वामी श्रद्धानंदांचा खून झाला होता.

उच्च न्यायालयात हे प्रकरण न्यायमूर्ति कुंवर दलीप सिंग यांच्यापुढे आले. नावावरून ते शीख किंवा हिंदु वाटतात, पण ते ख्रिस्ती होते. कपूरथळ्याच्या राजघराण्यातील राजा सर हरनामसिंग यांचे पुत्र. राजकुमारी अमृत कौर या त्यांच्या भगिनी, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याचे पहिले भारतीय राज्यपाल झालेले महाराज सिंग हे त्यांचे बंधु. (बहात्तराव्या वर्षी फलंदाजीला उतरलेले राज्यपाल म्हणून क्रिकेटच्या जुन्या शौकिनांना ते आठवत असतील.) म्हणजे या भांडणातील दोन्ही पक्षांशी न्यायमूर्तींचे काही देणेघेणे नव्हते. ४ मे १९२७ रोजी त्यांनी निकाल दिला आणि राजपालांना निर्दोष म्हणून सोडले.

त्या निकालाचा सारांश असा. पुस्तिका अश्लाघ्य आहे, ती वाचून कोणाही सभ्य मुसलमानाला संताप येईल, यात शंका नाही. परंतु कलम १५३ अ हे आज हयात असलेल्या एखाद्या जमातीवरील हल्ला रोखण्यासाठी आहे. दिवंगत धर्मसंस्थापकावरील टीका, ती कितीही हीन अभिरुचीची असली तरी, रोखण्यासाठी ते केलेले नाही. तसे मानले तर इतिहासकाराने एखाद्या धर्मपुरुषाच्या चरित्राविषयी प्रतिकूल मत दिले तरी तो गुन्हेगार ठरेल. आणि हे सांगून झाल्यावर न्यायमूर्तींनी अशीही इच्छा नोंदविली की धार्मिक भावना दुखविण्याच्या हेतूने असली पत्रके छापणे गुन्हा ठरेल असे एखादे कलम कायद्यात असते तर बरे झाले असते.

हा निकाल मी दोनदा वाचला. त्यात धैर्य आहे, पण ते आरडाओरडा करणारे नाही. समोरचा मनुष्य शिक्षेला पात्र आहे असे वाटत असतानाही, शिक्षेचा अधिकार देणारे शब्द कायद्यात नाहीत म्हणून त्याला सोडणे, ही गोष्ट लिहावयास सोपी आणि करावयास फार कठीण. आपल्या हाताखालील नियमावलीचा अर्थ वरिष्ठांच्या मर्जीप्रमाणे ताणण्याचा मोह ज्याला कधीतरी झाला आहे, त्यालाच तिचे मोल कळावे. दलीप सिंगांचा कायद्याचा अर्थ बरोबर होता की नाही हा निराळा प्रश्न. अलाहाबादच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी ‘विचित्र जीवन’ नावाच्या तशाच एका पुस्तकाच्या प्रकरणात नेमका उलट अर्थ लावला. मला स्वतःला अलाहाबादचा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. एखाद्या समाजाच्या प्रेषिताची विटंबना करून त्या समाजाविषयी तिरस्कार उत्पन्न करता येतो, हे समजावयास फारसे तर्कशास्त्र लागत नाही.

पण पंजाबात तर्कशास्त्राला वाव राहिला नव्हता. निकालाच्याच सुमारास लाहोर शहरात दंगल पेटली होती. तिचे कारण वेगळे असले तरी निकालाची बातमी त्या धुरातून लोकांपर्यंत पोचली. ‘मुस्लिम आउटलुक’ या इंग्रजी पत्राने जून महिन्यात अग्रलेख लिहून न्यायमूर्तींनी राजीनामा द्यावा अशी मागणी केली आणि निकालामागील परिस्थितीची चौकशी व्हावी असेही सुचविले. उच्च न्यायालयाने बेअदबीबद्दल संपादक आणि मालक या दोघांना तुरुंगात धाडले. झाले! पैगंबरांची निंदा करणारा मोकळा आणि एका न्यायाधीशाची निंदा करणारे गजाआड, असे चित्र लोकांपुढे उभे राहिले. चित्र अपुरे होते, पण खोटे होते असे म्हणता येत नाही. न्यायालयाच्या प्रतिष्ठेला कायद्याचे संरक्षण आहे आणि आमच्या श्रद्धेला नाही, या तक्रारीचे उत्तर कोणाजवळही तयार नव्हते.

याच सुमारास अमृतसरच्या ‘रिसाला-इ-वर्तमान’ या मासिकात नरकाच्या सफरीचे वर्णन करणारा एक लेख आला. स्वप्नातील प्रवास, आणि त्या प्रवासात पैगंबर कोणत्या अवस्थेत दिसले याचे वर्णन. उपहासाचा हा प्रकार जुना आहे. पण मे १९२७ च्या पंजाबात तो छापणे म्हणजे दारूच्या कोठारात विडी ओढणे होते. गव्हर्नर सर माल्कम हेली हे मुरलेले सनदी अधिकारी. त्यांनी हे प्रकरण खालच्या कोर्टात रेंगाळू न देता थेट उच्च न्यायालयात नेले, हेतु हा की कलम १५३ अ चा अर्थ एकदाचा ठरावा. दोन न्यायाधीशांच्या पीठाने ऑगस्टमध्ये लेखक आणि संपादक या दोघांना दोषी ठरविले आणि कलमाचा जो अर्थ दलीप सिंगांनी नाकारला होता तो ग्राह्य धरला.

येथे एक प्रश्न मला पडला आणि तो टिपणीच्या समासात मी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. जुन्या कलमाने जर काम भागत होते, तर नवे कलम कशाला? सरकारचे उत्तर विधेयकाबरोबरच्या उद्देशपत्रिकेत मिळते. १५३ अ खाली शिक्षा होते ती द्वेष पसरविल्याबद्दल. धर्माचा अपमान हा तेथे केवळ द्वेषाचे साधन म्हणून येतो. तो अपमान स्वतःच गुन्हा व्हावा, ही नवी मागणी होती. कागदावर हा फरक बारीक दिसतो, पण तो फार मोठा आहे. पहिल्या कलमात विचार समाजाच्या शांततेचा आहे, दुसऱ्यात भावनेचा. शांतता भंगली की नाही ते मोजता येते, भावना किती दुखावली याला माप नाही. मात्र आणखी एक कारण उद्देशपत्रिकेत नाही आणि ते सर्वांना ठाऊक होते: रस्त्यावर जे उतरले होते त्यांना काहीतरी दिल्याशिवाय ते परत जाणार नव्हते.

विधेयक मांडले गेले सिमल्याला. दिल्लीतील नवे कौन्सिल हाऊस, म्हणजे आपले जुने संसद भवन, त्याच वर्षी जानेवारीत उघडले होते. पण उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सारे सरकार फायलींच्या पेट्यांसह डोंगरावर जात असे, आणि त्या पेट्या बांधण्या-सोडण्याचे काम आपल्यासारख्यांच्या पूर्वसुरींकडे असे. गृहखात्याचे सभासद क्रेरार यांनी ऑगस्टअखेरीस ते सभागृहापुढे आणले आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी त्याचा कायदा झाला: १९२७ चा पंचविसावा. ज्या सरकारला तीन वर्षांत एक खटला निकालात काढता आला नाही त्याने तीन-चार आठवड्यांत कायदा केला.

तरीही ती चर्चा उथळ झाली नाही, हे कबूल केले पाहिजे. त्या सभागृहात पंडित मोतीलाल नेहरू होते, मालवीयजी होते, लाला लजपतराय होते, जिना होते. आपल्याकडचे बॅ. जयकर होते आणि ‘केसरी’चे न. चिं. केळकर होते. केळकरांचे नाव या संदर्भात माझ्या मनात घोळत राहिले. ‘सुभाषित आणि विनोद’ लिहून हास्याची शास्त्रीय मीमांसा मराठीत करू पाहणारा मनुष्य, उपहासाला शिक्षा सांगणाऱ्या कायद्याच्या वेळी त्या सभागृहाचा सभासद होता, हा योगायोग काही लहान नव्हे. जिनांनी असल्या लिखाणाचा निषेध केला, कायद्याला पाठिंबा दिला, पण त्याचबरोबर बजावले की इतिहासाचे संशोधन करणारे, सत्य शोधू पाहणारे आणि धर्माची प्रामाणिक चिकित्सा करणारे यांना या कायद्यापासून संरक्षण मिळाले पाहिजे.

विधेयक प्रवर समितीकडे गेले तेव्हा त्यात ‘बुद्धिपुरस्सर हेतूने’ एवढेच शब्द होते. समितीने त्यांना ‘दुष्टाव्याने’ या अर्थाच्या शब्दाची जोड दिली. का दिली, याचे समितीने सांगितलेले कारण वाचून मी थबकलो. समिती म्हणते, एखादा लेखक समाजसुधारणेच्या हेतूने, शुद्ध भावनेने, धर्मानुयायांना मुद्दाम धक्का देईल. तो धक्का दिल्याशिवाय ते त्याच्या टीकेकडे लक्षच देणार नाहीत असे त्याला वाटत असेल. अशा माणसाचा हेतु बुद्धिपुरस्सर खरा, पण दुष्ट नव्हे. तो या कलमात सापडू नये.

हे वाचताना कोणाही मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे आगरकर उभे राहिल्यावाचून राहणार नाहीत. जिवंतपणी ज्यांची प्रेतयात्रा पुण्याच्या रस्त्यांतून निघाली, त्या आगरकरांनी मुद्दाम धक्का देण्याखेरीज दुसरे केले तरी काय? जोतीरावांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. दशावतारांच्या कथांचा त्यांनी जो अर्थ लावला त्याने कित्येकांची मने तेव्हाही दुखावली असतील, आजही दुखावत असतील. सिमल्याच्या थंड हवेत त्या सभासदांपैकी कोणाला ही नावे आठवली होती की नाही ते सांगणे शक्य नाही. परंतु असल्या माणसांसाठीच एका शब्दाची फट त्यांनी ठेवली. १८६२ साली मुंबईच्या महाराज लायबल खटल्यात करसनदास मुळजींना जे संरक्षण मिळाले ते निराळ्या प्रकारचे होते. तेथे वादी एक जिवंत महाराज होता, त्याच्या वर्तनाविषयीची विधाने खरी की खोटी एवढाच प्रश्न होता, आणि डॉ. भाऊ दाजींसारखा साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून ते सांगू शकत होता. भावनेच्या खटल्यात सत्य हा बचावच होऊ शकत नाही. तेथे बचाव एकच: माझ्या मनात दुष्टावा नव्हता. आणि मनात काय होते याचा साक्षीदार कोणास आणता येतो?

कायद्याचा कागद अद्याप ओला होता तोच, त्याच सप्टेंबरच्या अखेरीस, लाहोरात राजपालांवर सुऱ्याने हल्ला झाला. ते जखमी झाले, वाचले. थोड्याच दिवसांनी दुसरा हल्ला झाला. मारेकऱ्याने दुकानात बसलेल्या स्वामी सत्यानंदांना राजपाल समजून त्यांच्यावर वार केला. असल्या कृत्यांची गरज राहू नये, हाच तर या कायद्याचा युक्तिवाद होता. पण नवा कायदा जुन्या पुस्तकाला लागू होत नव्हता, आणि सुऱ्याला मुदतीचा कायदा नसतो.

६ एप्रिल १९२९ रोजी भर दुपारी अनारकली भागातील दुकानात राजपालांचा खून झाला. मारणारा इल्मुद्दीन, वय एकोणीस-वीस, सुताराचा मुलगा. त्याने ते पुस्तक वाचले असण्याचा फारसा संभव नाही. सभांतील भाषणे मात्र ऐकली होती. फाशीच्या शिक्षेवरील अपिलात त्याच्या बाजूने जुलैमध्ये लाहोर उच्च न्यायालयात उभे राहिले ते बॅ. जिना. साक्षीदार विश्वसनीय नाहीत, आणि आरोपीचे कोवळे वय व धर्मसंस्थापकाविषयीची भक्ती पाहता फाशीची शिक्षा कठोर आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायालयाने तो मानला नाही. ३१ ऑक्टोबर १९२९ रोजी मियाँवालीच्या तुरुंगात इल्मुद्दीनला फाशी देऊन तेथेच पुरण्यात आले. मग चळवळ उभी राहिली. कवि इक्बाल आदि पुढाऱ्यांनी शांततेची हमी दिली तेव्हा सरकारने प्रेत उकरून लाहोरला आणू दिले, आणि नोव्हेंबरच्या मध्यात प्रचंड जनसमुदायाच्या उपस्थितीत मियाणी साहेब कबरस्तानात त्याचा दफनविधि झाला. बॅ. जिनांना मी दोष देत नाही. वकिलाने अशिलाच्या बाजूने उभे राहावयाचेच असते. पण दोन वर्षांपूर्वी सिमल्यात प्रामाणिक टीकाकाराची काळजी वाहणारा तो आवाज आणि लाहोरच्या न्यायालयातील हा आवाज एकाच माणसाचा होता, हे विसरता येत नाही.

पुढचा इतिहास आपणांस परिचित आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. फाळणीत देशाबरोबर दंडसंहितेचीही वाटणी झाली. दोन्ही राष्ट्रांना तेच कलम मिळाले. पाकिस्तानात त्याच्या शेजारी १९८२ साली २९५ ब आणि १९८६ साली २९५ क ही कलमे आली. शेवटल्यात शिक्षा देहान्ताची, आणि ‘दुष्टाव्याने’ हा शब्द त्यात नाही. त्या कायद्यावर टीका केल्याबद्दल पंजाबचे गव्हर्नर सलमान तासीर यांना ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने गोळ्या घातल्या. इकडे आपल्या घटनेने भाषणस्वातंत्र्य दिले, १९५१ च्या पहिल्या दुरुस्तीने त्यावर सार्वजनिक सुव्यवस्थेच्या हितार्थ वाजवी निर्बंध घालण्याची मुभा ठेवली, आणि १९५७ साली ‘गौरक्षक’ नावाच्या मासिकाच्या संपादकाचे, रामजीलाल मोदी यांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले तेव्हा पाच न्यायाधीशांनी २९५ अ वैध ठरविले. कारण? तोच प्रवर समितीचा शब्द. हे कलम धर्माच्या प्रत्येक अपमानाला शिक्षा सांगत नाही, केवळ बुद्धिपुरस्सर आणि दुष्टाव्याने केलेल्या उग्र अपमानाला सांगते, म्हणून ते घटनेत बसते, असे न्यायालय म्हणाले. १९६१ साली शिक्षेची कमाल मर्यादा दोन वर्षांची तीन झाली. २०१७ साली क्रिकेटपटु महेंद्रसिंग धोनी यांचे विष्णुरूपातील चित्र एका नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर आले म्हणून त्यांच्यावर याच कलमाखाली जो खटला झाला होता तो सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हाही आधार त्याच शब्दाचा. (आमच्या प्रहसनातही विष्णूच होते, म्हणून हा निकाल मी टिपणीत आवर्जून घातला.) १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि २९५ अ चे २९९ झाले. आकडा बदलला, तो शब्द राहिला.

दुसरीही एक तरतूद राहिली आहे आणि ती आपल्या धंद्यातील असल्यामुळे तिचा उल्लेख करतो. या कलमाखालील गुन्ह्याची दखल न्यायालयाने घेण्यापूर्वी सरकारची पूर्वमंजुरी लागते. ही अट १९२७ पासूनची. म्हणजे एखाद्या लेखकाच्या मनात दुष्टावा होता की नाही याचा पहिला विचार न्यायाधीशाच्या आसनावर होत नाही, तो एखाद्या फायलीच्या टिपणीपत्रावर होतो. कोणी कक्षाधिकारी तो मजकूर वाचतो, ‘सकृद्दर्शनी’ हा आपला लाडका शब्द लिहितो आणि फाईल वर धाडतो. माझ्या हातून असली फाईल कधी गेलेली नाही. गेली तर मी काय लिहीन, याचा विचार करीत एक रात्र मी जागून काढली. बाहेर जमाव असला तर मंजुरी नाकारण्याची शिफारस करण्याचे धैर्य मला होईल काय? दलीप सिंगांना निदान न्यायासनाचे संरक्षण होते.

दंडसंहितेच्या हिंदी पाठात समितीच्या त्या दोन शब्दांसाठी ‘विमर्शित और विद्वेषपूर्ण’ असे शब्द आहेत. ‘विद्वेषपूर्ण’ कळला, ‘विमर्शित’ने मला अडविले, कारण मराठीत विमर्श म्हणजे सांगोपांग विचार. म्हणून मी खात्याच्या हिंदी परीक्षेच्या वेळी घेतलेला हरदेव बाहरींचा कोश काढला. कित्येक वर्षे तो माझ्या टेबलावर आहे. त्यावरील प्रकाशकाचे नाव मी त्या दिवशी प्रथम वाचले, म्हणजे डोळ्यांनी शेकडो वेळा पाहिले होते ते वाचले: राजपाल ॲण्ड सन्झ, दिल्ली. तेच ते लाहोरचे दुकान. फाळणीनंतर निर्वासित होऊन ते येथे आले आणि कश्मीरी दरवाजाच्या बाजूला त्याने पुन्हा बस्तान बसविले. ‘मधुशाला’ आपण त्यांच्याच आवृत्तीत वाचतो. राजपालांचे एक पुत्र दीनानाथ मल्होत्रा यांनी पुढे हिंद पॉकेट बुक्स काढून हिंदी पुस्तके रेल्वेच्या फलाटापर्यंत नेली. एका चोपड्यापायी बाप गेला आणि मुलांनी त्याच धंद्यात राहून शब्दकोश छापले.

टिपणी अखेरीस नऊ पानांची झाली. ती मी कार्यवाहांकडे दिली आहे, आणि एक प्रत त्या वयोवृद्ध सभासदांच्या घरी स्वतः नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावून पहिली दोन पाने माझ्यासमोरच वाचली. ‘माझी तक्रार कोर्टात नेण्यासारखी नव्हतीच,’ ते म्हणाले, ‘तुम्ही सारे माझ्या मुलांच्या वयाचे. मला एवढेच विचारायचे होते, की हसण्यासाठी तुम्हांला दुसरे कोणी सापडले नाही का?’ मी म्हणालो, ‘काका, त्यात हसलो होतो ते आम्ही आमच्यालाच, नारद फक्त अर्ज घेऊन आले होते.’ ते काही बोलले नाहीत. काकूंनी चहा आणला. उरलेली सात पाने वाचून ते पुढच्या बैठकीला येणार आहेत; प्रहसनाची संहिता तोपर्यंत माझ्याकडेच आहे.